कंपनी : भाकरीपासून भागभांडवलापर्यंत

'मुलगा कंपनीत आहे' असे आज पिंपरी-चिंचवडमध्ये कोणी म्हटले, तर तो कारखान्यात नोकरीला आहे असे आपण समजतो. शंभर वर्षांपूर्वी सांगलीत हेच वाक्य ऐकणाऱ्याला मुलगा नाटकात गेला असे वाटले असते. त्याही आधी, पेशवाई बुडाल्यानंतरच्या पुण्यात, त्याचा अर्थ एकच झाला असता : तो इंग्रजांच्या चाकरीत आहे. एकाच शब्दाने तीन पिढ्यांत तीन पोशाख बदलावेत, हे कुतूहलाचे आहे. परंतु शब्दाच्या मूळ घरी गेले की हे कुतूहल थोडे अस्वस्थही करते.

लॅटिनमध्ये 'पानिस' म्हणजे भाकरी आणि 'कोम' म्हणजे सह. एका भाकरीतले वाटेकरी, ते सोबती. फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ निव्वळ सोबत असा होता, आणि 'जरा कंपनी दे' म्हणताना तो अर्थ आपणही वापरतो. गंमत अशी की, पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेला 'पाव' हादेखील त्याच 'पानिस'चा वंशज. पुढे सैनिकांची तुकडी, जहाजावरील खलाशी, नटांचा संच आणि लंडनमधील व्यावसायिकांचे संघ हे सारे 'कंपनी' झाले. मराठीतील 'मंडळी' हा शब्दही असाच ऐसपैस आहे. म्हणूनच पाटीवर 'किर्लोस्कर नाटक मंडळी' असले, तरी बोलण्यात ती 'कंपनी'च राहिली.

31 डिसेंबर 1600 रोजी एलिझाबेथ राणीने ज्या व्यापाऱ्यांना सनद दिली, त्यांच्या नावातील 'कंपनी'चा अर्थही 'मंडळी' असाच होता. आरंभी प्रत्येक सफरीसाठी वेगळे पैसे जमत आणि सफर संपली की हिशेब मिटत. 1657 मध्ये भांडवल कायमचे झाले. माणसे बदलली तरी पैसा तेथेच राहू लागला. 1668 मध्ये मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने तिच्या हाती आले, 1765 मध्ये बंगालची दिवाणी मिळाली आणि 1818 मध्ये पेशवाई संपली. मराठीत तिचे नाव 'कुंपणी' असेही लिहिले जाई. कुंपणानेच शेत खाल्ल्याची म्हण आपल्याकडे आहे. या योगायोगावर अधिक भाष्य नको.

खरे नवल मात्र 1833 च्या कायद्याचे. त्याने कंपनीचा व्यापार बंद केला, राज्य मात्र तिच्याकडेच ठेवले. भागधारकांना साडेदहा टक्के लाभांश चाळीस वर्षांसाठी बांधून दिला आणि तो हिंदुस्थानच्या महसुलातून द्यायचा असे ठरले. म्हणजे सोबत लंडनकरांची आणि भाकरी इथल्या कुणब्याची. 1858 मध्ये राज्य राणीकडे गेले, तरी लाभांश चालूच राहिला. 1874 मध्ये कंपनी विसर्जित झाली तेव्हाच तो थांबला.

शब्दाचा शेवटचा वळसा 1896 चा. सॅलोमन नावाच्या चामडी बुटांच्या व्यापाऱ्याने आपल्या धंद्याची कंपनी केली होती. 20,007 भागांपैकी 20,001 त्याचे, उरलेले सहा पत्नी व पाच मुलांचे. कंपनी बुडाल्यावर धनको त्याच्या दारी आले. सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या उमराव सभेने निकाल दिला की कंपनी ही सॅलोमनहून वेगळी व्यक्ती आहे, तिचे कर्ज त्याचे नव्हे. या तत्त्वामुळे असंख्य सामान्य माणसांना घरदार गहाण न टाकता धंद्यात पैसा घालता आला, हे मान्यच केले पाहिजे. पण त्याच तत्त्वामुळे, जबाबदारी कोणाची या प्रश्नाला 'कंपनीची' हे उत्तरही मिळाले. ते देणारा माणूस समोर दिसत असतो, पण दोष ज्याच्यावर ठेवावा असा माणूस दिसत नाही.

एका भाकरीभोवती बसलेल्या माणसांसाठी जन्मलेला हा शब्द माणसांवाचून जगायला शिकला. कारखान्याच्या उपाहारगृहात दुपारी डबे उघडतात आणि एकमेकांच्या भाजीची चव घेतली जाते, तेवढ्या अर्ध्या तासात मात्र 'कंपनी' आपल्या मूळ अर्थाकडे परतते.