लाभ, दोन, तीन : चौकटींची मोजणी आणि फाळक्यांचा वाटाणा

धान्य मापाने मोजण्याची रीत होती तेव्हा पहिले माप ओतताना 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन, चार... वरवट बकालच्या परिसरातील जुन्या माणसांच्या तोंडी ही मोजणी आम्ही ऐकलेली आहे. मोजणाऱ्याशी त्या वेळी कोणी बोलायचे नाही, असा दंडक असे. आकडा एकदा सुटला, की रास पुन्हा मोजावी लागे. चित्रपटाच्या इतिहासाकडे या मापाऱ्याच्या नजरेने पाहावे, असे आम्हांला अलीकडे का वाटू लागले, त्याची ही हकिगत.

आम्ही मराठीचे अध्यापक. दादासाहेब फाळक्यांविषयी वर्गात बोलताना 'अंकुराची वाढ' या लघुपटाची कथा आम्ही दरवर्षी सांगत आलो. १९१२ साली फाळके लंडनमध्ये विल्यमसन कॅमेरा विकत घेऊन परतले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोखला आणि महिन्याहून अधिक काळ रोज एकेक चौकट टिपली. त्यातून मिनिटभराहून थोडा मोठा चित्रपट तयार झाला आणि बी रुजून त्याचा वेल झालेला पाहणाऱ्यांना पडद्यावर दिसला. कथा सुंदर आहे. तिच्यात बीजही आहे आणि तपश्चर्याही. त्यामुळे तिचा हिशेब तपासण्याची गरज आम्हांला कधी वाटली नाही.

ती गरज निर्माण केली एका जुन्या कॅमेऱ्याने. एका स्नेह्याच्या घरी माळ्यावर पडलेला सुपर-८ कॅमेरा आमच्या हाती आला. कोडॅकने १९६५ साली आणलेले हे लहान मापाचे तंत्र घरगुती चित्रणासाठी होते. ५० फुटांच्या एका डबीत ३६०० चौकटी मावत. सेकंदाला १८ चौकटींच्या गतीने ती ३ मिनिटे २० सेकंदांत संपे. फाळक्यांचा प्रयोग हरभऱ्यावर करून पाहावा, असे विद्यार्थ्यांच्या मनात आले. अडचण अशी, की या कॅमेऱ्याचा काटा फक्त फूट दाखवतो, चौकटी नाही. सुपर-८ फितीच्या एका फुटात ७२ चौकटी असतात. काटा अर्ध्या फुटाने चुकला, तर ३६ चौकटींचा, म्हणजे पडद्यावरील दोन सेकंदांचा, घोळ होतो. सहलीच्या चित्रणात तो खपून जातो. पण एकेक चौकट टिपून हालचाल घडवायची असेल, तर मापाऱ्याचा आकडा सुटल्यासारखेच होते.

बोलेक्ससारख्या १६ मिमी कॅमेऱ्यांत चौकटमापक मुळातच असे. तो नसलेल्या हौशी छायाचित्रकारांनी घरच्या घरी एक युक्ती शोधली होती. आम्हीही तीच वापरली. स्वस्त कॅल्क्युलेटर उघडावा. 'बरोबर'च्या कळीखाली दोन संपर्कबिंदू असतात. त्यांना दोन बारीक तारा डाग देऊन जोडाव्यात आणि त्यांची दुसरी टोके रीड स्विचला जोडावीत. लोहचुंबक जवळ आले की या स्विचमधील दोन पात्या चिकटतात आणि दूर गेले की सुटतात. कॅमेऱ्याच्या फिरणाऱ्या अक्षावर इवलेसे लोहचुंबक बसवले, की प्रत्येक फेऱ्याला कळ एकदा दाबली जाते. आरंभी एक अधिक एक करून ठेवले, तर पुढच्या प्रत्येक दाबाला पडद्यावरील आकडा एकाने वाढतो. अक्षाच्या एका फेऱ्यात आठ चौकटी सरकत असतील, तर एकाऐवजी आठ मिळवत जायचे. ज्या कॅमेऱ्यात फीत मागे नेता येते, तिथे अधिकाच्या जागी वजाबाकी करायची. मर्यादा एवढीच, की कॅमेरा पूर्ण वेगाने धावू लागला, की बिचाऱ्या कॅल्क्युलेटरची दमछाक होते आणि तो काही चौकटी गाळतो. एकेक चौकट टिपण्याच्या कामात मात्र तो चोख आहे.

नवी डबी आम्हांला परवडण्यासारखी नव्हती. म्हणून वापरून झालेल्या जुन्याच डबीवर मापक चालवून पाहिला. आकडा तीसवर आला, तेव्हा एका विद्यार्थिनीने सहज विचारले, "सर, रोज एक म्हणजे महिन्याच्या तीसच ना? मग मिनिटभराचा चित्रपट कसा झाला?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. फाळक्यांच्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. सेकंदाला साधारण दोन फेरे, दर फेऱ्याला आठ चौकटी. ३५ मिमी फितीच्या एका फुटात १६ चौकटी, म्हणजे एक फूट म्हणजे एक सेकंद. या हिशेबाने तीस चौकटी दोन सेकंदही पुरत नाहीत. मिनिटभरासाठी ९६० लागतात. प्रयोग चाळीस दिवस चालला असे धरले, तर रोजच्या २४ झाल्या. म्हणजे तासाला एक, किंवा रोज दांड्याचे तीन फेरे. तेव्हा 'रोज एक चौकट' आणि 'मिनिटभराचा चित्रपट' ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. दोन्ही एकाच वाक्यात पुढच्या पिढीला देणारे आम्हीच होतो.

यात फाळक्यांना उणेपणा येत नाही, हे त्यांच्याच दुसऱ्या एका हिशेबावरून दिसते. 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) सुरतेतील खेळांसाठी त्यांनी ५७,००० छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि तिकीट अवघे तीन आणे अशी जाहिरात केल्याचे सांगतात. हेही मोजून पाहू. ५७,००० चौकटींना १६ने भागले, तर सुमारे ३,५६० फूट होतात. चित्रपटाची नोंदलेली लांबी ३,७०० फूट आहे. म्हणजे छायाचित्रांचा आकडा जवळजवळ चोख. उलट दोन मैल मात्र निव्वळ बाजारातली आरोळी, कारण ३,७०० फूट हा पाऊण मैलही भरत नाही. ५७,००० छायाचित्रांचा मेळ ज्याला असा ठाऊक होता, आगकाड्या एकेक चौकटीने हलवून ज्याने त्यांची मौज पडद्यावर आणली, तो गृहस्थ वाटाण्याच्या चौकटी मोजायला विसरला असेल, हे आम्हांला पटत नाही. मोजायला विसरलो ते आपण, त्याची कथा सांगणारे.

असे का होते? आम्हांला वाटते, आपल्याला कारागिरापेक्षा तपस्वी अधिक भावतो. रोज एक चौकट हे व्रतासारखे वाटते. रोज चोवीस म्हटले की नुसते काम उरते. परंतु ठरलेल्या वेळी उठणे, दांडा तेवढाच फिरवणे, आकडा टिपून ठेवणे आणि तो महिनाभर न सुटू देणे, हे काम व्रताहून हलके नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साहाय्याने स्वतःच कॅमेरा घडवला, ती कथाही आपण चमत्कारासारखी सांगतो. त्यामागच्या दातेरी चक्रांचे हिशेब कोणी विचारत नाही.

यंदा वर्गात आम्ही वाटाण्याची कथा पुन्हा सांगितली. या वेळी कॅल्क्युलेटर टेबलावर ठेवला आणि भागाकार विद्यार्थ्यांनाच करू दिला. कथा त्यामुळे कोमेजली नाही. उलट त्या कुंडीशेजारी दिवसातून अनेकदा येऊन उभा राहणारा माणूस प्रथमच आम्हांला स्पष्ट दिसला. तोही मनाशी 'लाभ' म्हणूनच मोजायला सुरुवात करीत असेल, असे आम्ही आता मानतो. आणि ही मात्र आमची कल्पना आहे, हेही वर्गात सांगतो.