घुसाडीचा टोप आणि गॅदरिंगचा रंगमंच

यवतमाळच्या माझ्या जुन्या महाविद्यालयात स्नेहसंमेलनाचा मांडव पडला की मी वेशभूषेचा कार्यक्रम चुकवत नाही. जिजाऊ आणि सावित्रीबाईंच्या रांगेत आता जपानी चित्रकथेतला नारुतो आणि स्पायडरमॅनही उभे असतात. फोम कापून, गरम गोंदाने चिकटवून, वर रंग मारून केलेली चिलखतं मुलं अभिमानाने मिरवतात. आवडत्या पात्राचा वेश घेण्याचं, म्हणजे कॉस्प्लेचं, हे वेड मोबाइलमधून आलं, असं बरेच जण म्हणतात. मागोवा घेतला की मात्र या वेडाची मुळं दोन दिशांना जाताना दिसतात.

एक दिशा परदेशातली. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. तिथे फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यकाळातले कपडे घालून आले. दोघांचेही पोशाख मर्टलने स्वतः शिवले होते, तरी पुढे नाव झालं ते जास्त करून अ‍ॅकरमनचं. जपानमध्ये १९७५ पासून कॉमिकेट हा चित्रकथांचा मेळा भरू लागला आणि तिथे चाहते आवडत्या पात्रांच्या वेशात येऊ लागले. १९८३ साली पत्रकार नोबुयुकी ताकाहाशी यांनी ‘कॉस्प्ले’ हा शब्द छापला.  भारतात २०११ साली दिल्लीला पहिलं कॉमिक कॉन झालं आणि ही लाट महाविद्यालयांपर्यंत पोचली.

दुसरी दिशा आपल्या अंगणातली, आणि ती कितीतरी जुनी. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडं रचली ती वासुदेव, जोशी, आंधळा अशा पात्रांच्या तोंडी. भारुड म्हणणारा ते सोंग घेऊनच उभा राहायचा. उत्सवाच्या शेवटी होणाऱ्या लळितातही एकामागून एक सोंगं यायची. गावोगाव फिरणारा बहुरूपी दारात उभा राहून खोट्या लग्नाचं आमंत्रण द्यायचा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगवलं, तेव्हा प्रेक्षकांचा डोळा सोंगांना सरावलेलाच होता.

आणि यवतमाळचं स्वतःचं सोंग म्हणजे घुसाडी. झरी-जामणी, केळापूर भागातल्या गोंड गावांत आणि कोलामांच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, दिवाळीच्या सुमारास दंडार, म्हणजे नाचणाऱ्यांचा ताफा, निघते. तिच्यातला घुसाडी दुरूनही ओळखू येतो. डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा गोल टोप, त्याला बसवलेली शिंगं, उघड्या अंगावर राख, गळ्यात माळा, कमरेला घुंगरं, हातात काठी. टोप बांधणं हे जाणकाराचं काम. एकेक पीस जुळवून घट्ट बसवावं लागतं, कारण नाचणारा तासन्‌तास गिरक्या घेतो. सण सरला तरी हा टोप अडगळीत जात नाही. घरात मानाने जपला जातो. वेश अंगावर असेपर्यंत तो माणूस देवाचा असतो. त्याला नेम पाळावे लागतात, लोक त्याच्या पाया पडतात. एका गावची दंडार दुसऱ्या गावी पाहुणी जाते, तिथे जेवण होतं, सोयरिकीही जुळतात.

सीमेपलीकडच्या आदिलाबाद भागातल्या गोंडांचं हे जग मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४८ च्या ग्रंथात टिपून ठेवलं. ते ज्या मारलवाई गावात राहिले, तिथल्याच कनक राजूंना घुसाडी नाचासाठी २०२१ ची पद्मश्री जाहीर झाली.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांच्या युवक महोत्सवांनी लोकनृत्याला स्पर्धेचा मंच दिला. खेड्यातल्या मुलामुलींना आपला नाच विद्यापीठात मानाने करता आला, हे मोठंच काम झालं. पण नुकसानही झालं. ज्यांचा नाच नाही ते आठ दिवसांत तो बसवू लागले. पिसं भाड्याची, राखेच्या जागी पावडर, आणि नेम तर कुणाला ठाऊकच नाहीत. नारुतोचा पोशाख करणारा पोरगा त्या पात्राची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगू शकतो, घुसाडी झालेल्याला आपल्या वेशातली एक गोष्ट सांगता येत नाही. मला हे बोचतं. सोंगाची किंमत ते सोंग घेणाऱ्याच्या निष्ठेवर ठरते, मग ते जपानचं असो की झरीचं. फोमचं चिलखत रात्र जागून करणाऱ्या मुलात ती निष्ठा मला दिसते, म्हणून त्याचं कौतुक वाटतं. तोच मान घुसाडीला मिळायला हवा.

म्हणून संमेलनं भरवणाऱ्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. कॉस्प्ले जरूर ठेवा. पण घुसाडीला फॅन्सी ड्रेसच्या यादीत घालू नका. दिवाळीत पोडावर जा, दंडार बघा, तिथल्या जाणत्यांना काय दाखवायचं आणि काय नाही ते विचारा. त्यांची तयारी असेल तर त्यांनाच मंचावर बोलवा, आणि येण्याजाण्याच्या खर्चासकट पूर्ण मानधन द्या.