विनर, रनर आणि जिन

वाशिम जिल्ह्यातल्या कबड्डी स्पर्धेच्या फलकावर दोनच शब्द ठळक असतात : विनर आणि रनर. यमक जुळतं म्हणून असेल, पण इंग्रजीतल्या ‘रनर-अप’मधला ‘अप’ आपण कधीच गाळून टाकला. इंग्रजीत नुसता रनर म्हणजे धावणारा. आमच्याकडे तो हरलेला, पण ढाल घेऊन घरी जाणारा. ‘विजेता’ आणि ‘उपविजेता’ निमंत्रणपत्रिकेत छापतात. मैदानात ते कोणी उच्चारलेले मी ऐकलेले नाहीत.

विनरचं मूळ शोधताना गंमत वाटली. जुन्या इंग्रजीत ‘विन्नन’ म्हणजे कष्टणं, झगडणं, लढणं. आधी घाम, जिंकण्याचा अर्थ मागाहून चिकटला. आपल्या विजय, जेता, जित या शब्दांत ‘जि’ हा संस्कृत धातू आहे, आणि ‘जिन’मध्येही तोच. जिन म्हणजे ज्यानं राग, लोभ, द्वेष जिंकले तो. ‘जैन’ हा शब्द त्यावरूनच आला. म्हणजे जेत्याचं नाव धर्माला मिळालं, पण या जेत्यासमोर पडलेला प्रतिस्पर्धी कोणी नाही.

आणि जिनाचं एक प्रसिद्ध स्थान आमच्याच जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला आहे. तिथल्या पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा, म्हणून ‘अंतरिक्ष’ पार्श्वनाथ. दिगंबर आणि श्वेतांबर दोघांचंही हे तीर्थ. १९०५ साली दोघांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. तरी मूर्तीला लेप द्यायचा का, तिच्या अंगावर कंदोरा दिसायचा की नाही, यावरून भांडण कोर्टात गेलं. शिरपूर तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं (वाशिम वेगळा जिल्हा झाला तो १९९८ मध्ये). अकोल्याहून प्रकरण नागपूरला आणि तिथून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचलं. १९२९ साली निकाल लागला. व्यवस्थापनाचा हक्क श्वेतांबरांकडे राहिला, दिगंबरांचा पूजेचा हक्कही कायम राहिला. वाद मात्र मिटला नाही. पुढे जवळपास चाळीस वर्षं मूर्तीचं दार बंद होतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते उघडलं.

कोणाची बाजू खरी, हे ठरवायचा मला अधिकार नाही. पण लेप आणि कंदोरा क्षुल्लक म्हणून हसण्यावारी नेणंही मला पटत नाही. ज्याची मूर्ती आहे, तो वस्त्रासकट की वस्त्राशिवाय, हा दोघांच्याही श्रद्धेचा गाभा आहे.

शिरपूरहून परतताना ऑटोवाल्याला मी हा सगळा इतिहास सांगत बसलो. वऱ्हाडात ‘जिंकला’पेक्षा ‘जितला’ जास्त ऐकू येतं. त्यानं सरळच विचारलं, “मंग जितलं कोण?”

मी १९२९चा निकाल सांगितला.

“मंग कुलूप काऊन होतं?”