मालक: केन

'युनिक्स प्रोग्रामर्स मॅन्युअल'च्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. लेखक केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची, ठिकाण अमेरिकेतली बेल लॅब्ज. प्रत्येक आज्ञेची स्वतंत्र नोंद आणि प्रत्येक नोंदीत ठरलेले मथळे: नाव, वापरायची रीत, वर्णन, संबंधित फायली, आणखी काय पाहावं, चुकांचे संदेश, बग्ज आणि सर्वांत शेवटी 'मालक'. मालकाच्या जागी 'केन' किंवा 'डीएमआर' एवढंच. म्हणजे कळलं नाही तर उठा आणि याला जाऊन विचारा.

ही सोय गृहीत धरली की त्या काळातला तुटकपणा समजतो. 'ईडी' हा एडिटर कुठलीही चूक झाली की फक्त एक प्रश्नचिन्ह छापायचा. चूक कोणती, ते तुम्ही ओळखायचं. जाणकाराला तेवढं पुरे, आणि नवख्यासाठी जाणकार हाकेच्या अंतरावर होताच.

पण या पुस्तिकेत 'बग्ज' हा मथळाही होता. आपल्या अवजारात काय बिघडलेलं आहे, हे बनवणाऱ्यानेच छापून ठेवायचं. थॉम्प्सन आणि रिची ज्या विभागात होते त्याचे प्रमुख डग मॅक्इलरॉय या पुस्तिकेबाबत फार आग्रही होते. नव्या आवृत्तीची वेळ आली की प्रोग्राम्सचीही साफसफाई व्हायची, असं त्यांनी नंतर सांगितलं आहे. एखादी विचित्र गोष्ट कागदावर मांडायला गेलं की ती छापायची लाज वाटे, मग वर्णन बदलण्याऐवजी प्रोग्रामच बदलला जाई. दस्तऐवज लिहिणं हे काम संपल्यावरचं कारकुनी काम नव्हतं, ती कामाची परीक्षा होती.

जुलै १९७४ मध्ये एसीएमच्या मासिकात युनिक्सवरचा लेख आला आणि विद्यापीठांकडून मागणी वाढली. आता वाचक दूरवर, अनोळखी. पहिल्या आवृत्तीनंतर कधीतरी 'मालक' हा मथळा गेला, 'बग्ज' मात्र राहिला. विचारायला माणूस नसेल तर निदान खड्डे कुठे आहेत ते तरी लिहिलेलं हवं.

पुढे वेबच्या काळात दुसरा प्रकार रुळला. स्वॅगर, आणि त्यातून आलेलं ओपनएपीआय, यांत सेवेचं वर्णन यंत्राला वाचता येईल अशा साच्यात लिहितात: कोणता पत्ता, कोणती माहिती, आकडा की अक्षरं. पण यंत्राला त्यातला साचाच कळायचा. 'वर्णन' या रकान्यातलं गद्य माणसांसाठी होतं आणि तिथे बहुतेक वेळा नावाचीच पुनरुक्ती असायची. 'गेट यूजर'पुढे 'यूजर मिळवतो'. ते कोणी मनावर घेत नसे.

जून २०२३ मध्ये ओपनएआयने आपल्या मॉडेल्सना बाहेरची फंक्शन्स वापरायची सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला. दोन्हींत प्रत्येक साधनाला नाव, वर्णन आणि इनपुटचा साचा असतो. कोणतं साधन कधी वापरायचं, हे मॉडेल मुख्यतः त्या वर्णनावरून ठरवतं. दुर्लक्षित रकाना एकदम महत्त्वाचा झाला.

हा वाचक विलक्षण आहे. हजार पानं न कंटाळता वाचतो, पण शेजारच्या टेबलाशी जाऊन विचारत नाही. माहिती अपुरी असेल तर अडून बसेलच असं नाही, अंदाज बांधून पुढे जाईल. 'रेकॉर्ड काढतो' याचा अर्थ दाखवतो की पुसतो? आमच्या टीममधल्या नव्या मुलीला शंका आली तर ती विचारेल. एजंट कदाचित पुसून मोकळा होईल. २०२५ मध्ये याच प्रोटोकॉलमध्ये साधन फक्त वाचतं की काही नष्ट करू शकतं, हे सांगणाऱ्या खुणा आल्या. एखादं साधन बदल करणारं असेल आणि बाकी काही सांगितलेलं नसेल, तर ते विध्वंसक असू शकतं असं धरायचं. पण याही खुणा साधन बनवणाऱ्यानेच लिहायच्या आहेत.

म्हणून एजंटसाठी नीट लिहिणं म्हणजे नवं शास्त्र नव्हे. हे साधन काय करतं, काय करत नाही, कधी वापरू नये, मागे काय बदलून ठेवतं. आणि चूक झाली तर प्रश्नचिन्हाऐवजी 'तारीख या स्वरूपात हवी' असं सांगणारा संदेश. १९७१च्या मथळ्यांत यातलं बरंचसं आहे.

खटकतं ते वेगळंच. नव्याने रुजू झालेल्या माणसांसाठी हे लिहायला आमच्या धंद्यात कधी वेळ नसायचा. 'सीनियरला विचार' हेच आमचं मॅन्युअल. यंत्र वाचणार म्हटल्यावर तो वेळ निघाला. आता ही वर्णनंही मॉडेलकडून लिहून घेण्याची प्रथा पडते आहे. कोडमध्ये जे दिसतं ते मॉडेल नेटकं लिहील. पण महिनाअखेरीला हे साधन का चालवू नये, हे कोडमध्ये नसतं. ते ज्याने रात्र जागून निस्तरलं त्याच्या डोक्यात असतं. 'बग्ज'खालचा मजकूर त्यालाच लिहावा लागेल, आणि त्याखाली त्याचं नाव पुन्हा आलं तर फारच बरं.