वस्ती, गुन्हा आणि बोली : जालना ते ड्यूसबुर्ग

गुन्ह्याची कथा दोन ठिकाणांहून सांगता येते. एक ठिकाण पोलीस ठाण्याचे. तेथून वस्तीकडे पाहिले असता वस्ती ही तपासाची जागा ठरते. दुसरे ठिकाण खुद्द वस्तीचे. तेथून पाहिले असता पोलीस हाच दारात येऊन उभा राहिलेला परका इसम असतो. ह्या दोन दृष्टींपैकी कोणती प्रभावी ठरावी हे केवळ लेखकाच्या सहानुभूतीवर अवलंबून नसते. कथेतील प्रमाणभाषा कोणाच्या वाट्याला आली आणि बोली कोणाच्या, ह्यावरही ते अवलंबून असते. प्रस्तुत निबंधात मराठीतील ह्या कथाप्रकाराचा इतिहास जर्मन दूरचित्रवाणीवरील एका मालिकेच्या तुलनेने पाहावयाचा आहे.

तुलनेसाठी इ. स. १९८१ हे वर्ष सोयीचे आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन आणि परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका त्यास जोडला जाऊन जालना जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, २८ जून १९८१ रोजी, पश्चिम जर्मनीच्या दूरचित्रवाणीवर 'टाटओर्ट' ह्या मालिकेचा 'ड्यूसबुर्ग-रुरओर्ट' हा भाग दाखविण्यात आला. त्याच वर्षी जयवंत दळवी यांच्या 'चक्र' ह्या कादंबरीवरील हिंदी चित्रपट प्रकाशात आला आणि लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' ह्या आत्मकथनास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ह्या घटनांमध्ये कार्यकारणसंबंध नाही. परंतु त्या एकत्र ठेवल्या म्हणजे एका प्रश्नाच्या विविध बाजू दिसू लागतात.

'टाटओर्ट' ह्या शब्दाचा अर्थ गुन्ह्याचे स्थळ असा आहे. ही मालिका १९७० मध्ये सुरू झाली. जर्मनीतील निरनिराळ्या प्रादेशिक प्रसारण संस्थांनी आपापल्या शहरातील कथा सादर करावयाची, ही तिची मूळ योजना. ड्यूसबुर्ग हे ऱ्हाइन आणि रूर ह्या नद्यांच्या संगमावरील कोळशाचे व पोलादाचे शहर असून रुरओर्ट ही तेथील बंदराची वस्ती. पोलाद उद्योगास उतरती कळा लागल्याने बेकारी वाढत असतानाच्या काळात ग्योट्झ गेओर्ग ह्या नटाने तेथील अधिकारी होर्स्ट शिमान्स्की साकार केला. त्याच्या पूर्वीचे दूरचित्रवाणीवरील तपास अधिकारी नीटनेटक्या पोशाखाचे व मोजक्या शब्दांचे असत. शिमान्स्की मळकट जाकीट घालतो, शिव्या देतो, गुत्त्यात बसतो आणि कामगारांच्या भाषेत बोलतो. त्याचे आडनाव पोलिश वळणाचे आहे. रूर प्रदेशाच्या खाणींत पूर्वेकडून आलेल्या मजुरांच्या पिढ्यांची खूण त्या एका आडनावात सामावलेली आहे. ह्या पात्रामुळे शहराची बदनामी होते अशी ओरड आरंभी झाली. पुढे त्याच रुरओर्टमधील एका गल्लीस शिमान्स्कीचे नाव देण्यात आले. तात्पर्य, तेथे तपास करणाऱ्यानेच वस्तीची बोली उचलली आणि ठाणे व वस्ती ह्यांमधील भाषिक अंतर कमी झाले.

जालना हेही आज पोलादाचे शहर म्हणून ओळखले जाते. लोखंडी सळ्यांचे कारखाने व त्यांत परप्रांतांतून आलेले मजूर हे तेथील औद्योगिक जीवनाचे अंग होय. मात्र ह्या प्रदेशाचा भाषिक इतिहास निराळा आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कारभाराची भाषा प्रथम फारसी व पुढे उर्दू, आणि प्रजेची भाषा मराठी, अशी स्थिती दीर्घकाळ होती. अर्थात फारसी-अरबी शब्दांचा हा थर केवळ मराठवाड्यापुरता मर्यादित नाही. गुन्हा, फिर्याद, जामीन, कैद, हजेरी, मुद्देमाल, फौजदार, हवालदार हे सर्व शब्द मराठीने त्याच मार्गाने घेतले. तुरुंग हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. चोर हा मात्र संस्कृतोद्भव. म्हणजे गुन्हा करणाऱ्याचे नाव घरचे आणि त्याला पकडणाऱ्या यंत्रणेचे नाव बाहेरचे, अशी मराठी शब्दसंग्रहाची विभागणी दिसते. वस्तीला ठाणे परके वाटते, ह्या अनुभवाची खूण अशी शब्दांतही राहिली आहे.

दख्खनमधील गुन्ह्यांविषयीचे आरंभीचे प्रसिद्ध इंग्रजी लेखनही सत्तेच्या बाजूचेच होते. विल्यम स्लीमन यांनी १८३६ मध्ये ठगांच्या गुप्त भाषेचा कोश प्रसिद्ध केला. निजामाच्या चाकरीतील फिलिप मेडोज टेलर यांनी १८३९ मध्ये ठगाच्या कबुलीजबाबाच्या रूपाने कादंबरी लिहिली. 'ठग' हा आपल्याकडील शब्द इंग्रजीत रुजला तो ह्याच काळातील अशा लेखनामुळे. येथे बोलीचा संग्रह झाला खरा, परंतु तो माणूस समजून घेण्यासाठी नव्हे, त्याला ओळखून पकडण्यासाठी. टेलर यांच्या कादंबरीतील ठग प्रथमपुरुषी बोलतो. मात्र तो बोलतो साहेबासमोर आणि साहेबाच्या भाषेत.

ह्याच विचारसरणीतून १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा जन्मास आला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत वाढली आणि १९२४ मध्ये तो एकत्रित स्वरूपात पुन्हा करण्यात आला. ह्या कायद्याने व्यक्तीच्या कृत्याऐवजी जन्मावरून संशय धरण्यास मान्यता दिली. नोंदणी, हजेरी, गाव सोडण्यास परवाना आणि तारेच्या कुंपणातील वसाहत ही त्याची साधने होत. सोलापूरच्या वसाहतीमुळे 'सेटलमेंट' हा इंग्रजी शब्द त्या भागातील बोलीत रूढ झाला. निजामाच्या राज्यात इंग्रजी मुलखाचा कायदा थेट लागू नव्हता. तथापि भटक्या जमातींच्या वाटा राज्यांच्या सीमा ओलांडून जात असल्यामुळे संशयही त्यांच्या पाठोपाठ सीमा ओलांडीत असे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला व 'विमुक्त' हा नवा शब्द प्रचारात आला. परंतु १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसंबंधीचा कायदा झाला आणि जुना संशय नव्या नावाने पोलिसांच्या वहीत टिकून राहिला.

त्याच १९५९ साली अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' प्रसिद्ध झाली. सरकारच्या दृष्टीने जो दरोडेखोर, तो येथे दुष्काळात आपल्या माणसांना जगविणारा नायक आहे. १९६३ मध्ये दळवींची 'चक्र' व बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला आणि १९६५ मध्ये भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका'. झोपडपट्टी, चाळ व नाका ह्यांची भाषा ह्या लेखकांनी छापील मराठीत आणली. 'वासूनाका'वर अश्लीलतेचा जो आक्षेप आला, तो आशयाइतकाच ह्या भाषेवरही होता असे म्हणावे लागेल.

पडद्यावर मात्र वेगळे घडले. 'चक्र'चा चित्रपट हिंदीत झाला. श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' ह्या कथेवरून विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिलेला 'अर्धसत्य' (१९८३) हाही हिंदीतच. पोलीस अधिकाऱ्याच्या मनातील हिंसेचे इतके निर्भीड चित्रण क्वचितच झाले असेल. तथापि ज्या मराठीत ती कथा जन्मली ती मराठी पडद्यावर पोचली नाही. दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावरील 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका पोलिसांच्या दूरध्वनी क्रमांकावरून नाव घेऊन आली. नावातच तिची दृष्टी स्पष्ट होते : संकटात सापडलेला नागरिक ठाण्यास हाक मारतो. ज्या वस्तीला ठाण्याचीच भीती वाटते, तिची कथा त्या क्रमांकावरून सुरू होऊ शकत नाही. जयंत पवार यांच्या 'अधांतर' ह्या गिरणगावातील नाटकावरून 'लालबाग परळ' हा चित्रपट २०१० मध्ये मराठीत निघाला. परंतु त्याचीही हिंदी आवृत्ती सोबत काढण्यात आलीच. शिवाय ह्या कथांची भूमी प्रायः मुंबईच राहिली.

मराठवाड्याचे उत्तर पडद्यावरून न येता आत्मकथनातून आले. लातूर जिल्ह्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. 'उपरा' व 'उचल्या' ह्या दोन ग्रंथांनी कथनाचे व्याकरणच उलटविले. कायद्याच्या दप्तरात जो तृतीयपुरुषी होता, तो येथे प्रथमपुरुषी झाला आणि पोलीस तृतीयपुरुषी. चोरी येथे रहस्य नाही. ती भुकेचा हिशेब आहे. पोलिसांची धाड हा कथेचा उत्कर्षबिंदू नाही. तो नित्याचा प्रसंग आहे. माने यांच्या समाजाची कैकाडी ही तमिळशी नाते सांगणारी द्राविडी बोली. मराठी शाळेत शिरणाऱ्या मुलास भाषाही ओलांडावी लागते, ही गोष्ट म्हणूनच केवळ शैलीची उरत नाही. स्लीमन यांनी ज्या प्रकारचे शब्द पकडण्यासाठी जमविले, त्या प्रकारचे शब्द येथे बोलणाऱ्याने स्वतः, आपल्या अर्थासह, वाचकापुढे ठेवले.

दोन्ही परंपरांतील भेद आता नेमका सांगता येतो. जर्मनीत ठाणे वस्तीच्या बोलीत बोलू लागले. मराठीत ठाणे आपली भाषा सोडीना, तेव्हा वस्तीनेच लेखणी हाती घेतली. पहिल्या मार्गाने प्रेक्षकांची जवळीक साधते, परंतु प्रश्न विचारण्याचा अधिकार अधिकाऱ्याकडेच राहतो. दुसऱ्या मार्गाने तो अधिकारच बदलतो. मात्र ग्रंथाचा वाचक थोडा आणि पडद्याचा प्रेक्षक पुष्कळ, ही त्याची मर्यादा होय.

हा भेद केवळ वाङ्मयीन नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातिनिष्ठ तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगारीशी जोडणाऱ्या उल्लेखांवरही आघात केला. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे लोटल्यावरही त्याची भाषा नियमावल्यांत जिवंत होती, हे त्या निकालाने सिद्ध झाले. शब्द कायद्याहून दीर्घायुषी असतात. म्हणून वस्ती आणि गुन्हा ह्यांचा इतिहास लिहिणाऱ्याने दप्तरातील नोंद वाचताना ती कोणाच्या भाषेत आहे, हे प्रथम पाहणे अगत्याचे ठरते.