बेंजो पार्टी : कर्जत-खालापूरच्या गावांचा स्वतःचा बँड

कर्जत/खालापूर : ऐंशीच्या दशकात मुंबईच्या कॉलेजांमध्ये रॉक बँडचं वारं होतं. ‘रॉक मशीन’ हा बँड १९८४ साली उभा राहिला. १९८६ साली ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला आणि धोबी तलावाजवळचं रंगभवन त्याचं घर बनलं. त्या बँडवर लेख आले, फोटो छापून आले. आपल्याकडे नेरळ, कडाव, कशेळे, चौक, वावोशी, खोपोली या पट्ट्यातल्या पोरांना इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमसेट परवडण्यासारखे नव्हते. त्यांनी हातात घेतला बेंजो. गावोगावच्या बेंजो पार्ट्या हेच इथले बँड. मात्र त्यांची नोंद कुठेच नाही. जे काही आहे ते माळ्यावरच्या कॅसेटमध्ये आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या वादकांच्या डोक्यात.

बेंजो आला कुठून?

काहीजण याला बँजो म्हणतात, पण अमेरिकेतला गोल तोंडाचा बँजो वेगळा. आपला बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी, वर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. पुस्तकात याला बुलबुल तरंग म्हणतात. त्याचं मूळ जपानात आहे. नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली ‘ताइशोगोतो’ नावाचं वाद्य तयार केलं. त्याच्या बटणांची कल्पना टाइपरायटरवरूनच घेतलेली. पुढे हे वाद्य भारतीय उपखंडात पोचलं. बलुचिस्तानात त्याचंच ‘बेंजू’ झालं आणि तिथल्या लोकसंगीतात ते मुरलं. कोकणात आणि मुंबईत त्याचा बेंजो झाला.

वाजवायची पद्धत सोपी दिसते. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने तार छेडायची. मुख्य तारा एकाच सुरात लावलेल्या असतात, त्यामुळे एक बटण दाबलं की सगळ्या मिळून एकच स्वर देतात. भजनात पेटी वाजवणाऱ्याला बटणांची जागा लवकर सापडते. खरी कसोटी उजव्या हाताची. पेटीला भाता असतो, स्वर धरून ठेवता येतो. तारेचा आवाज मात्र लगेच विरतो. म्हणून लांब स्वर हवा असेल तर तार भराभर छेडत राहावी लागते. मिरवणुकीत तीन-चार तास हेच करायचं म्हणजे मनगटाची परीक्षा.

पार्टी कशी उभी राहायची?

नुसत्या तारांचा आवाज ढोलापुढे टिकत नाही. म्हणून बेंजोला पिकअप बसवला, वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आणि भोंगे हातगाडीवर किंवा टेम्पोवर चढवले. इलेक्ट्रिक गिटारमागेही हीच युक्ती आहे. मशीन तापलं, आवाज फाटला, तरी त्या फाटक्या आवाजातच नाचणाऱ्यांना जोर यायचा.

बेंजोच्या जोडीला ढोल, ताशा, झांज, खुळखुळा. पुढे कॅसिओ आला, ऐपत असेल तर ऑक्टोपॅडही. वादक बहुतेक एकाच आळीतले, नाहीतर एकाच भावकीतले. कोणी रेल्वेत, कोणी कंपनीत, कोणी वीटभट्टीवर, कोणी घरच्या शेतावर. सराव रात्री, देवळाच्या पडवीत किंवा समाजमंदिरात. शिकवणारा मास्तर असेलच असं नाही. कॅसेट लावायची, मागे घ्यायची, पुन्हा ऐकायची आणि बोटं बसेपर्यंत वाजवत राहायचं. नोटेशन कागदावर कधी आलंच नाही. म्हणूनच वादक गेला की त्याची वाजवण्याची ढबही त्याच्याबरोबर जाते.

सुपारीचा हंगाम

पावसाळ्यात गोविंदा, मग गणपती आणि नवरात्र. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. मग शिमगा आणि गावोगावच्या जत्रा. लग्नात सर्वांत मोठी रात्र हळदीची. आगरी घरात धवलारीण धवले म्हणते आणि ते विधी आटोपले की मांडवात बेंजो सुरू होतो. कोळीगीतं, आगरी गाणी, भीमगीतं, देवीची गाणी, हिंदी सिनेमाची गाणी, जशी फर्माईश तसं वाजायचं. ‘वेसावकर आणि मंडळी’च्या कॅसेट घरोघरी पोचल्या, तशी ती गाणीही पार्ट्यांनी उचलली.

सुपारी ठरली की बयाणा हातात पडायचा. मिळालेल्या पैशातून आधी टेम्पो, जनरेटर आणि मशीनचा खर्च, उरलेलं वाटून घ्यायचं. कोणी श्रीमंत झालं नाही. पण शेतीची कामं उरकल्यावर हातात चार पैसे यायचे, आणि पंचक्रोशीत नाव व्हायचं ते वेगळंच.

डीजे आला

डीजेला वादक लागत नाहीत. एक माणूस, एक लॅपटॉप आणि भिंतीएवढे बॉक्स. मूळ गाणं जसंच्या तसं वाजतं, मग बेंजोवरची नक्कल कशाला, असं पोरांना वाटू लागलं. आठ-दहा जणांची पार्टी सांभाळण्यापेक्षा डीजे सांगणं यजमानालाही सोपं पडतं. याच काळात मुंबईतल्या पथकांनी मात्र कॅसिओ, बेंजो आणि मोठा तालवाद्यांचा ताफा घेऊन नवा थाट उभा केला. मुंबईच्या बेंजो वादकांवर रितेश देशमुख यांचा ‘बँजो’ हा हिंदी सिनेमा २०१६ साली आला. दिग्दर्शक होते रवी जाधव. वाद्य सिनेमात पोचलं, पण गावातल्या जुन्या पार्ट्यांची आठवण तिथेच राहिली.

कायदा सगळ्यांना सारखा

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर आणि वाद्यं वाजवायला बंदी. सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. हॉस्पिटल, शाळा आणि कोर्टाभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र राज्य सरकार जाहीर करू शकतं. मुंबईत रंगभवनावरचे रॉकचे कार्यक्रम याच शांतता क्षेत्रामुळे बंद पडले. बेंजोलाही हे नियम लागू आहेत. म्हणून लाऊडस्पीकरची परवानगी आधी पोलीस ठाण्यातून घ्यावी आणि वेळ पाळावी. बेंजोचं एक बरं आहे, मशीनचा आवाज कमी केला तरी तो जिवंत वाटतो, कारण समोर माणूस वाजवत असतो.

जुन्या पार्टीची नोंद कशी ठेवायची?

मोबाईल प्रत्येकाकडे आहे. तेवढ्यावर बरंच काम होतं.

१. कॅसेट लगेच टेपमध्ये घालू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात फितीवर बुरशी धरते आणि ती टेपच्या हेडला चिकटते. पांढरे डाग दिसले तर जाणकाराला दाखवावं. फीत स्वच्छ असेल तर आधी हाताने थोडी फिरवून ती मोकळी आहे का बघावं.

२. कॅसेटच्या वरच्या कडेची छोटी प्लास्टिकची कडी तोडून टाकावी, म्हणजे चुकून वर दुसरं रेकॉर्ड होत नाही.

३. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करावं. मोबाईल टेपसमोर धरला तर पंख्याचा आणि कोंबड्यांचा आवाजही येतो.

४. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आणि व्हिडिओ साधे पाठवले की त्यांचा दर्जा उतरतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत. मूळ प्रत पेनड्राइव्हवर वेगळी ठेवावी.

५. फोटोत कोण उभं आहे, कोणतं वाद्य, कोणाचं लग्न, कोणतं गाव, हे आजच लिहून ठेवावं. साल आठवत नसेल तर लग्नपत्रिका किंवा गणेश मंडळाचं पावतीपुस्तक बघावं.

६. जुन्या वादकाला बेंजो हातात देऊन वाजवायला सांगावं आणि त्याच्या दोन्ही हातांचा व्हिडिओ घ्यावा. तारा गंजल्या असतील तर नव्या टाकता येतात. पण उजव्या हाताची ती ढब बाजारात मिळत नाही.

हे काम करायला गणपतीचे दिवस चांगले. नोकरीसाठी बाहेर गेलेले जुने वादक तेव्हा गावी येतात. आरती झाल्यावर सगळे एकत्र बसले की एकाला नाव आठवतं, दुसऱ्याला गाणं, तिसऱ्याला टेम्पो कुठे बंद पडला होता ते. तेवढ्या वेळात एकाने मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू ठेवलं, तरी आपल्या गावच्या पार्टीची पहिली नोंद तयार होईल.