स्वर कागदावर उतरताना

विद्यार्थ्यांसाठी संगीताचे नियतकालिक काढावयाचे, तर पहिला प्रश्न मुखपृष्ठाचा नसतो. स्वर कागदावर कसा उतरवावा, हा असतो. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करणाऱ्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी हे ओळखले होते. त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती सिद्ध केली, छापखाना उभारला आणि क्रमिक पुस्तकांच्या जोडीला ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक चालविले. गुरुमुखापुरती असलेली विद्या अशा रीतीने दूरच्या विद्यार्थ्याच्या हाती पडली.

पंडित भातखंडे यांची पद्धती अधिक सुटसुटीत: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी स्वराखाली टिंब, तार सप्तकासाठी वर. एक टिंब निसटले की सप्तकच बदलते. म्हणून अशा अंकाचे पान मोकळे असावे, मात्रांचे रकाने सरळ असावेत आणि मुद्रितशोधन गाऊन करावे.

हा धडा झरी जामणीलाही लागू पडतो. तेथील कोलाम व गोंड समाजांची गाणी पिढ्यान्‌पिढ्या मुखानेच चालत आली. जाणते माणूस गेले की चालही जाते. तेथील विद्यार्थ्यांनी पहिला अंक आखताना अशा एका गाण्याचे स्वरलेखन आधी करावे व ते गाणाऱ्या आजीलाच ऐकवावे. तिने मान डोलावली, तरच ते पान छापावयास द्यावे.